स्मारक नाणं गल्ल्यात येऊ द्या, डबीत नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात म्हणून लोकांना ऑनलाइन गंडवतात, त्याबद्दल आपल्या पेपरात मध्यंतरी वाचलं. ते छापलंत ते बरंच केलंत, पण त्याचा एक साइड इफेक्ट असा झाला की आमच्या वाड्यावरची माणसं घरातले डबे घेऊन माझ्याकडे यायला लागली, बघ रे बाबा ह्यात लाखाचं काय आहे काय. मी बँकेत कॅशियर होतो, आता रिटायर, आणि नाण्यांचा नाद मला आधीपासून हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे येणारच. डब्यांत लाखाचं काही नव्हतं. पण जे होतं त्यावरून आपल्याकडेही राज्यांची नाणी रोजच्या व्यवहारात यावीत हे सुचवायला हे पत्र लिहावंसं वाटलं, जरा लांब झालंय, काटछाट करायची तर करा.

तर डब्यात काय असतं? गोव्यातल्या घरांत चॉकलेटचा नाहीतर बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असतोच, कारण प्रत्येक वाड्यावरचा कोणी ना कोणी बोटीवर नोकरीला. फोंड्यात कमी असतील, मडगावकडच्या सासष्टीत तर घरटी एक. मायामीच्या बंदरात उतरायचं, शॅम्पू घ्यायचा, चॉकलेटं घ्यायची, उरलेली चिल्लर खिशात तशीच घरी. नोटा बदलून मिळतात, परदेशी नाणी मात्र सहसा कुठलाच मनी चेंजर घेत नाही, बँकही घेत नाही, म्हणून ती डब्यात जातात आणि तिथेच राहतात. (कोणी घाबरू नये म्हणून सांगतो, परदेशी नाणी घरात ठेवायला फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात कसलीही मर्यादा नाही, मर्यादा आहे ती नोटांना.) आणि ह्या डब्यांत सगळ्यात जास्त काय सापडतं तर अमेरिकेचे क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, आणि त्यातले बरेचसे राज्यांचे. माझा पन्नास राज्यांचा सेट ह्याच डब्यांतून पुरा झाला, एकही विकत घेतला नाही. बदल्यात कोणाचा फॉर्म भरून दिला, कोणाचं एफडीचं काम करून दिलं.

ही राज्यांची भानगड काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेनं १९९७ साली कायदा केला आणि १९९९ पासून २००८ पर्यंत दर वर्षी पाच राज्यं घेऊन पन्नास राज्यांचे पन्नास क्वार्टर काढले. पुढच्या बाजूला जॉर्ज वॉशिंग्टन कायम, मागच्या बाजूला त्या त्या राज्याचं चित्र. नंबर कसा लागला? आकारानं नाही, लोकसंख्येनं नाही, कोणाचा मंत्री वजनदार त्यावर तर नाहीच. राज्यघटना आधी कोणी मंजूर केली, संघराज्यात आधी कोण आलं, त्या क्रमानं. म्हणून पहिला मान डेलावेअरचा, आपल्या गोव्यासारखंच चिमुकलं राज्य. आणि शेवटचा हवाई. मागच्या बाजूला दोन सालं असतात, वर ते राज्य संघराज्यात कधी आलं ते आणि खाली नाणं कधी पाडलं ते. नाण्यावर दोन सालं बघून पहिल्यांदा माणूस गोंधळतोच, आमच्या वाड्यावरच्या एकानं तर १७८८ वाचून मला रात्री साडेदहाला फोन केला होता की दोनशे वर्षांचं नाणं सापडलंय! ते साउथ कॅरोलायना, पाडलेलं २००० साली.

कल्पना मुळात अमेरिकेची नव्हे हेही सांगून टाकतो. कॅनडानं १९९२ साली देशाला १२५ वर्षं झाली म्हणून आपले प्रांत आणि प्रदेश मिळून बारा क्वार्टर काढले होते, दर महिन्याला एक. अमेरिकेनं ते बघून मोठ्या प्रमाणावर केलं.

आता एकदोन नाणी जवळून बघू, कारण जवळून बघितल्याशिवाय ह्यातली गंमत कळत नाही. डेलावेअरच्या नाण्यावर घोड्यावर भरधाव निघालेला एक माणूस आहे, सीझर रॉडनी. १७७६ च्या जुलैमध्ये स्वातंत्र्याच्या ठरावावर मत द्यायला हा ऐंशीएक मैल रात्रभर घोडा हाकत फिलाडेल्फियाला गेला, दमा होता, चेहऱ्यावर कॅन्सर होता, तरी गेला. हे मला नाण्यामुळे कळलं, एरवी डेलावेअर कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. न्यू हॅम्पशायरच्या नाण्यावर डोंगराच्या कड्याचा आकार आहे, बाजूनं म्हाताऱ्याच्या तोंडासारखा दिसणारा, तिकडे त्याला ओल्ड मॅन ऑफ द माउंटन म्हणायचे. नाणं निघालं २००० साली आणि मे २००३ मध्ये तो कडा कोसळला. म्हणजे आता खरा म्हातारा नाही, नाण्यावरचा तेवढा राहिला. अलाबामाच्या नाण्यावर हेलन केलर खुर्चीत बसलेल्या आहेत आणि त्यांचं नाव इंग्रजीत आणि खाली ब्रेलमध्ये, अमेरिकेच्या चलनातल्या नाण्यावर ब्रेल पहिल्यांदा आलं ते हेच. मात्र ठिपके इतके बारीक की झिजलेल्या नाण्यावर बोटाला काही लागत नाही, माझ्याकडचं तर पारच गुळगुळीत. अलास्काच्या नाण्यावर अस्वल आहे, तोंडात मासा धरलेलं. हे नाणं आमच्याकडच्या पोरांना सगळ्यात जास्त आवडतं, का ते सांगायला नको, गोंयकारच ते.

विस्कॉन्सिनचं तर वेगळंच. गाय, चीजची चकती आणि मक्याचं कणीस असं चित्र, २००४ सालचं. डेन्व्हरच्या टांकसाळीत पाडलेल्या काही नाण्यांवर कणसाच्या डाव्या बाजूला एक पान जास्तीचं आलंय, काहींवर वर वळलेलं, काहींवर खाली. हे तेवढं खरंच मागणीतलं नाणं, बाजारात दर्शनी किमतीपेक्षा चांगली जास्त किंमत येते. म्हणून ज्यांच्याकडे डबा आहे त्यांनी विस्कॉन्सिन असेल तर भिंग घेऊन बघावं, वॉशिंग्टनच्या बाजूला शेंडीपाशी बारीक ‘डी’ अक्षर आहे का तेही बघावं. पी असेल तर फिलाडेल्फियाचं, त्यात ही चूक नाही. बाकीच्या एकोणपन्नास राज्यांची आशा करू नये, ह्या दहा वर्षांत असे क्वार्टर ३४ अब्जांच्या वर पाडलेत, दुर्मिळ होणार कुठून? आख्खा सेट म्हणजे दर्शनी किमतीनं साडेबारा डॉलर.

आणि नेमकं हेच मला ह्यात आवडतं. तिथल्या मिंटच्या म्हणण्याप्रमाणे जवळजवळ निम्म्या अमेरिकेनं हे क्वार्टर जमवले. निम्मा देश कॉईन कलेक्टर असतो का? नसतो. पण दुकानात कॉफी घेतली की सुट्ट्यात एखादं नवं राज्य हाताला लागतं, पोराला द्यायचं, पोरगं पुठ्ठ्याच्या नकाशात भोकात बसवतं, अजून नेब्रास्का यायचंय म्हणतं. खर्च किती, तर पंचवीस सेंट, आणि कंटाळा आला तर ते पंचवीस सेंट परत खर्चून टाका, काही गेलं नाही. सरकारचाही फायदाच, कारण क्वार्टर पाडायला पंचवीस सेंटपेक्षा बराच कमी खर्च येतो, लोकांनी घरात ठेवून दिला की मधला फरक सरकारी तिजोरीत. म्हणजे लोक खूष आणि सरकारही खूष.

तिकडे जर्मनीनंही असंच केलंय, २००६ पासून दोन युरोच्या नाण्यावर दर वर्षी एक राज्य. ह्यांचा क्रम लावायची रीत वेगळी, राज्यांच्या सभागृहाचं अध्यक्षपद फिरतं असतं, ज्या राज्याची पाळी त्याचं नाणं. पहिलं श्लेस्विग-होल्स्टाईन, त्यावर ल्युबेक गावची होल्स्टनटोर वेस, मग पुढे हॅम्बुर्गचं चर्च, २०११ ला कोलोनचं कॅथेड्रल, २०१२ ला बव्हेरियाचा नॉयश्वानस्टाईन किल्ला. आणि युरो असल्यामुळे ही नाणी देशाची हद्द मानत नाहीत. पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला गेलेली आमची पोरं सुट्टीला येतात तेव्हा त्यांच्या खिशात जर्मनीच्या राज्यांची नाणी असतात, लिस्बनच्या सुपरमार्केटात मिळालेली. त्यात परत पाच टांकसाळी, प्रत्येकीचं अक्षर वेगळं, ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हॅम्बुर्ग. ज्याला वेड लागायचंय त्यानं प्रत्येक राज्य पाच-पाच वेळा जमवावं. मी त्या वाटेला गेलो नाही, पेन्शनीत बसत नाही, दोन युरोचं एक नाणं म्हणजे आज आपले किती होतात बघा.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे स्मारक नाणी निघत नाहीत असं नाही, पुष्कळ निघतात, आणि एके काळी ती खरंच गल्ल्यात यायची. १९९९ साली एक रुपयावर संत ज्ञानेश्वर आले, त्याच साली दोन रुपयांवर छत्रपती शिवाजी महाराज, २००२ ला दोन रुपयांवर संत तुकाराम, २००७ ला पाच रुपयांवर लोकमान्य टिळक. काउंटरवर बसून मी ही नाणी हातानं मोजलीत. ज्ञानेश्वरांचा रुपया आला की बाजूला काढून आपल्या खिशातला रुपया ड्रॉवरमध्ये टाकायचा, हिशोब चोख आणि नाद पुरा. पुढे दहा रुपयांवर वैष्णोदेवी आली, काथ्या मंडळ आलं, योग दिन आला, बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती आली. टांकसाळीची खूण सालाच्या खाली असते हे पुष्कळांना माहीत नसतं, शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असेल तर मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. हे एवढं कळलं की सुट्टे पैसे मोजायला कंटाळा येत नाही.

पण अलीकडे काय चाललंय, तर स्मारक नाणं म्हणजे ७५ रुपये, १०० रुपये, १२५, १५० असल्या किमतीची, जी बाजारात कधी फिरतच नाहीत. टांकसाळ ती मखमली डबीत घालून वेबसाइटवर विकते, वर छापलंय शंभर आणि घ्यायला जा तर हजारांत. २०२३ ला नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं काढलं, ३५ ग्रॅमचं, अर्धी चांदी. देखणंच आहे, मी नाव ठेवत नाही, पण ते बघितलंय किती जणांनी? समारंभात अनावरण झालं, टीव्हीवर दाखवलं, संपलं. आठवणीसाठी नाणं काढायचं आणि ते ज्याच्याकडे पैसे त्याच्याच कपाटात, ही कसली आठवण? २०२२ ला अमृत महोत्सवाची एक ते वीस रुपयांची सीरिज काढली ती बरोबर काढली होती, ती अजूनही भाजीवालीकडे मिळते, पण सगळ्यांवर चिन्ह एकच, त्यामुळे जमवण्यासारखं त्यात फार काही राहत नाही.

इथे कोणीतरी म्हणणारच की अहो दहाच्या नाण्यावर वेगवेगळी चित्रं आली म्हणूनच तर लोक नाणं घेईनासे झाले. खरं आहे. आमच्या इथल्या एका दुकानदारानं माझ्या तोंडावर नाणं परत फेकलंय, ह्याच्यावर दहा रेघा आहेत, पंधरावालं द्या. मी त्याला म्हटलं मी आयुष्यभर नाणीच मोजली, तर म्हणतो मग बँकेत जाऊन द्या. आणि बँकेत गेलं तर तिथला पोरगा थैली बघून तोंड वाकडं करतो! रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं की दहाच्या नाण्याची चौदा डिझाइनं निघालीत आणि चौदाही चालतात, फोन करून ऐकायला १४४४० नंबरसुद्धा दिला. पण पत्रक कोण वाचतं? चूक चित्रं वेगळी असण्यात नाही, आधी न सांगण्यात आहे. अमेरिकेत पाच-पाच नाण्यांचं आधी जाहीर व्हायचं, शाळेत पोहोचायचं, राज्याचा गव्हर्नर स्वतः कार्यक्रमाला यायचा, लोक वाट बघत बसायचे. आपल्याकडे नाणं आधी बाजारात येतं, मग अफवा येते, मग खुलासा येतो. वाट बघणारा माणूस नाणं नाकारेल काय?

अफवांवरून आठवलं, वैष्णोदेवीच्या नाण्याचं. ज्यांच्याकडे पाच नाहीतर दहाचं वैष्णोदेवीचं नाणं आहे त्यांना दहा लाख मिळणार म्हणून व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरतात आणि खाली नंबर. फोन केलात की आधी रजिस्ट्रेशन, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचं सर्टिफिकेट, पैसे तुमच्याच खिशातून जात राहतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये साफ सांगितलंय की असल्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, आम्ही कोणाकडून चार्ज की कमिशन घेत नाही, आणि आमच्या नावानं ते घ्यायचे अधिकार कोणालाच दिलेले नाहीत. वैष्णोदेवीच्या दहाच्या नाण्याचे दहा रुपये येतात, पाचाच्या नाण्याचे पाच. फार चकचकीत असेल तर थोडे जास्त देईल एखादा नादिष्ट. इतकंच.

आणि ज्यांच्या घरी पोर्तुगीजांच्या वेळची नाणी आहेत त्यांनीही हुरळून जाऊ नये, मात्र ती जपून नक्की ठेवावीत. पोर्तुगीज जायच्या आधी तीनचार वर्षं इथे रुपियेच्या जागी एस्कुदो आणला, एका रुपियेला सहा एस्कुदो, म्हणून तर इथल्या नाण्यांत तीन एस्कुदो आणि सहा एस्कुदो असली विचित्र नाणी आहेत, पाढा रुपियेचा आणि नाव एस्कुदोचं. म्हातारी माणसं अजून सांगतात की बाजारात सगळे रुपियेच बोलायचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पथारीवर ही नाणी दिसतात, खरी-खोटी एकत्र. जुन्या नाण्यांवाले आम्हा नव्या नाण्यांवाल्यांना जरा कमीच लेखतात, की हे काय, कालचं नाणं. असू दे. त्यांच्यातल्या निम्म्यांनी नाणी पितांबरीनं घासून ठेवलीत.

हे पितांबरीचं जरा सगळ्यांनीच मनावर घ्यावं. नाणं घासू नये! चिंच नाही, सोलां म्हणजे आमसुलं नाही, टूथपेस्ट नाही, काही नाही. घासलं की वरची मूळ झिलई जाते आणि बारीक चरे पडतात ते कायमचे, आणि जाणकार माणूस एका नजरेत ओळखतो. फार घाण असेल तर कोमट पाण्यात बुडवून ठेवावं आणि मऊ कपड्यानं टिपून घ्यावं, टिपून, पुसून नव्हे. आपल्या गोव्याच्या हवेत दुसरा शत्रू म्हणजे ते मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम. ते पीव्हीसीचे असतात, दमट हवेत त्यातून आम्ल सुटतं आणि दोनतीन पावसाळ्यांत नाण्यावर हिरवा चिकट थर येतो, क्वार्टरच्या मधला थर तांब्याचाच असल्यामुळे कडेनं आधी हिरवं दिसायला लागतं. पीव्हीसी नसलेली पाकिटं मागून घ्यावीत, नाहीतर पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी, बुटांच्या खोक्यात मिळते ती चालते, फक्त जूनच्या आधी नीट वाळवून घ्यावी. नाणं बोटानं कडेवर धरावं. बोटाचा घाम आणि आपली खारी हवा दोन्ही वाईट.

बरं, आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या देशातही राज्यांची नाणी निघावीत, आणि ती डबीतली नकोत, दहा नाहीतर वीस रुपयांची, रोजच्या व्यवहारातली हवीत. आज अठ्ठावीस राज्यं आहेत, वर्षाला पाच घेतली तरी सहा वर्षांत पुरी होतात. नागालँडचं नाणं पणजीच्या मार्केटात मासे घेताना हातात आलं तर माणूस विचारेल तरी की हे कुठे आलं. आपण अमेरिकेतलं नेब्रास्का ओळखतो आणि आपलं मेघालय नकाशात दाखवता येत नाही अशी गत आहे, माझ्या नातवाची तर आहेच. नाणी पाडायचा अधिकार केंद्र सरकारचा, रिझर्व्ह बँक फक्त वाटते, म्हणून प्रस्ताव दिल्लीला अर्थखात्याकडे जायला हवा. तो गोवा सरकारनंच का पाठवू नये? आपण लहान राज्य, पंचविसावं, ३० मे १९८७ ला झालेलं. २०३७ ला पन्नास वर्षं पुरी होतील. तोवर वेळ आहे, पण आपल्याकडे फाइल कशी सरकते ते मी सांगायला नको, म्हणून आत्तापासून.

गोव्याच्या नाण्यावर काय असावं ह्यावर आमच्या चहाच्या ग्रुपमध्ये आधीच वाद झालेत. एकजण म्हणाला दूधसागर, एकजण म्हणाला मंगेशीची दीपमाळ, एकजण जुन्या गोव्याचं चर्च, गवा म्हणणाराही निघाला, आणि एकानं तर फिश करी राईस म्हटलं, त्याला गप्प केलं. माझं मत विचाराल तर सांगे तालुक्यात उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या कातळावर जी चित्रं कोरलेली आहेत त्यातलं ते गोल चक्रव्यूहासारखं. माणसं, बैल, हरणं, मोर सगळंच आहे तिथे, पण ते चक्र मुळातच गोल, नाण्याच्या मापाचं, काही कापाकापी करावी लागणार नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या कोणीतरी कोरलेलं, कुठल्या धर्माचं नाही, कुठल्या पक्षाचं नाही, कदंब राजांचं नाही, पोर्तुगीजांचं नाही, सगळ्यांच्या आधीचं. १९९० नंतर कुठे ते बाहेरच्या जगाला कळलं, अजूनही अर्ध्या गोव्यानं बघितलेलं नाही, आणि पावसाळ्यात नदीचा गाळ येऊन बसतो त्यावर. दुसरी पसंती खाजन शेतीच्या मानशीला, बांधावरच्या त्या लाकडी दारांना, भरतीचं खारं पाणी अडवायचं आणि ओहोटीला शेतातलं जादा पाणी सोडायचं. ती बांधणारी आणि राखणारी माणसं होती म्हणून ही शेतं राहिली, आणि आता तीच बुजवून बंगले उभे राहतायत, नाण्यावर तरी राहू दे.

कोणी म्हणेल कदंबांचा सिंह घ्या, आपल्याच राजांचं नाणं होतं की, सोन्याचं, सिंह कोरलेला आणि सप्तकोटीश्वराच्या कृपेनं असं लिहिलेलं. ते मला मान्य, त्यात अभिमान आहे, नार्वेच्या त्या देवळाचा जीर्णोद्धार तर पुढे शिवाजी महाराजांनीच केला १६६८ ला. फक्त एक भीती आहे, राजा आला की मग दुसरा राजा येतो, मग मुख्यमंत्री येतात, मग कोणाचा फोटो आणि कोणाचा नाही हे सुरू होतं. अमेरिकेच्या कायद्यात ह्यासाठीच एक कलम होतं, ते मला फार आवडलं: मागच्या बाजूला कोणाचाही नुसता चेहरा चालणार नाही, जिवंत असो की मेलेला. राज्याचा झेंडा आणि मोहोरही नको असं तिथल्या मिंटच्या नियमांत होतं. रॉडनी आला तो घोड्यासकट, केलर आल्या त्या खुर्चीसकट. आपणही तेवढी अट घालावी. डिझाइन मागवावं ते शाळांतून मागवावं, चारपाच निवडून लोकांसमोर ठेवावीत, आणि नाणं यायच्या सहा महिने आधी प्रत्येक पंचायतीत, प्रत्येक कदंबा बसस्टँडवर, मासळी मार्केटात त्याचा मोठा फोटो लावावा, म्हणजे तो रेघा मोजणारा दुकानदारसुद्धा घेईल.

वरचा मजकूर कुठल्या भाषेत आणि कुठल्या लिपीत घालायचा ते मात्र मी सांगत नाही. चित्रावरून एकमत झालं तरी खूप झालं, लिपीचं भांडण पुढची पाच वर्षं आम्ही तुमच्या ह्याच पानावर पत्रं लिहून करू.

आपला,
एक रिटायर कॅशियर
फोंडा, गोवा